काशीआयने टीव्ही निवडला

देवळात निर्माल्याची एक टोपली असते. रोज फुले पडतात, रोज ती टोपलीत जातात, आणि खाडी चार पावलांवर असूनही टोपली रिकामी करायला कुणाचा हात पुढे होत नाही. भजनी मंडळातल्या हकिकतींचे तसेच आहे. भजन आटोपते, टाळ पिशवीत जातात, चहा येतो, आणि कुणीतरी म्हणते, "बुवा, तो टीव्हीचा किस्सा सांगा की!" आता टीव्हीचा किस्सा एक असता तर सांगितला असता. आमच्या मंडळात टीव्ही घेणे हा प्रकारच असा काही घडत गेला, की टोपली भरून वाहू लागली. तेव्हा बसा स्वस्थ. भक्तिभावाने ऐकण्यासारखे यात फारसे काही नाही. परंतु हसून सोडून द्यावे असेही सगळे नाही.

मी मूळचा कोकणातला. नोकरीतून मोकळा झालो तेव्हा भाईंदरला बिऱ्हाड होते. संध्याकाळी चालत चालत राई गावातल्या देवळात जाऊन बसायचो. तिथल्या शेतकरी-मासेमार मंडळींचे भजन चालायचे. त्यांच्या जुन्या बुवांचा आवाज बसला आणि मंडळींनी वीणा माझ्या गळ्यात घातली. तेव्हापासून मी बुवा. माझे खरे नाव तिथे आजही कुणाला ठाऊक नसावे!

\*

पहिला रंगीत टीव्ही घेतला तो आमच्या मृदंगवाल्या गजाभाऊंनी. गजाभाऊ म्हणजे उंचीने बेताचे, पण पाठ अशी रुंद, की ते मृदंगावर बसले की मागच्यांना गाभारा दिसत नसे.

टीव्ही निवडायला त्यांनी मला सोबत नेले. दुकानात पोरसवदा सेल्समन चित्र दाखवू लागला, रंग दाखवू लागला. गजाभाऊंचे तिकडे लक्षच नाही! त्यांनी एकेका टीव्हीला कान लावला आणि खोक्यावर बोटांनी थाप मारून पाहू लागले.

"अंकल, टीव्ही है, तबला नहीं!" सेल्समन कळवळून म्हणाला.

"बोलतो का बघतोय," गजाभाऊ शांतपणे म्हणाले. "मुका घरी नेऊन काय करू?"

अशा परीक्षेत एक लाकडी शटरवाला टीव्ही उत्तीर्ण झाला. घरी आल्यावर त्याला हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला, आरती झाली. पुढच्या एकादशीला त्यांच्या घरी भजन होते. टीव्ही बंद, शटर लावलेले. गजाभाऊंनी मृदंगावर थाप दिली की आतून तोच नाद मंद घुमून परत येई. "साथीदार चांगला मिळाला!" म्हणून आम्ही हसलो.

नंतर गजाभाऊ मृदंगाच्या डाव्या तोंडाला कणीक लावून स्वर जुळवू लागले. थाप देण्यासाठी त्यांनी हात उचलला. हात अजून वरच होता.

टीव्ही घुमला.

सगळ्यांनी ऐकले. गजाभाऊंनी हात हळूच मांडीवर ठेवला, शटरकडे पाहिले आणि म्हणाले, "कोण रं, माझ्या पुढं जातंय?"

त्या दिवसापासून त्यांच्या घरी भजनाला बसण्याआधी टीव्हीवर जाड घोंगडी टाकतात. विचारले तर वहिनी सांगतात, "धूळ बसते!"

\*

आता काशीआयकडे वळतो. तिचे घर देवळाला लागून. थोरला मुलगा हरेश वसईकडच्या कारखान्यात, धाकटा वामन उत्तनच्या एका होडीवर खलाशी. वामन आमचा टाळकरी. पोर गुणी, खोड एकच. अभंग संपला, सगळ्यांचे टाळ थांबले, की याचा एक ठोका उरलेला असे. ठिण्! दरवेळी. मग सगळे एका सुरात ओरडत, "वामन, भजन संपलं!" आणि तो खाली मान घालून हसे.

एका वर्षी त्यांचे वडील गेले. दोन्ही भावांनी मुंडण केले. थोड्याच दिवसांत दूरदर्शनची माणसे दिवे आणि कॅमेरे घेऊन आमच्या देवळात आली. खाडीकाठच्या गावांवर त्यांचा कार्यक्रम होता. वामनला आपल्या गुळगुळीत डोक्याची भारी लाज. गेले काही दिवस तो घरातही टॉवेल गुंडाळूनच वावरत होता. कॅमेरा पाहताच तो पुढल्या रांगेतून उठला आणि गजाभाऊंच्या पाठीमागे जाऊन बसला.

कार्यक्रम दाखवला त्या संध्याकाळी वामन समुद्रावर होता. आम्ही सगळे काशीआयच्या घरी, तिच्या लहानशा ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीपुढे दाटीवाटीने बसलो. मी दिसलो, गजाभाऊ दिसले, हरेश दिसला. वामनचे मात्र नुसते हात! गजाभाऊंच्या खांद्यामागून दोन हात वर येत, टाळ वाजवीत, खाली जात.

काशीआय आधी डावीकडे झुकली, मग उजवीकडे झुकली. शेवटी टीव्हीच्या कडेशी गाल लावून गजाभाऊंच्या मागे डोकावू लागली! दिसेना तेव्हा पडद्यावर ओरडली, "गजाभाऊ, बाजूला व्हय की रं! माझ्या पोराचं तोंड दिसू दे!"

आणि काय सांगू, माझ्या शेजारी बसलेले खरेखुरे गजाभाऊ चटकन बाजूला सरकले!

हशा पिकला. पडद्यावर अभंग संपला, टाळ थांबले, आणि मग एकटेच: ठिण्!

"वामन, भजन संपलं!" आम्ही सारे ओरडलो.

त्याच आठवड्यात होडी परतली. वामन परतला नाही. सोबत्यांनी सांगितले, की समुद्र तळ्यासारखा निवांत होता. वामन मागच्या बाजूला जाळे आवरीत बसला होता. चहा द्यायला हाक मारली, तर नुसते जाळे होते.

\*

देह न मिळालेल्या माणसासाठी शास्त्रात सोय आहे. पळसाच्या पानांचा देह करायचा, त्याला अग्नी द्यायचा, मग पुढचे दिवस घालायचे. गेलेला मोकळा होतो आणि मागे राहिलेलेही. काशीआय मात्र त्याला तयार होईना. एक वर्ष गेले, दुसरे गेले. हरेशचे लग्न ठरल्यासारखे होते, ते अडले. मुलीचे वडील स्पष्टच म्हणाले, "घरात एकाचं मरण टांगलेलं ठेवून पोरीला उंबरा कसा ओलांडू देऊ?" त्यात त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही.

तिला समजवायला हरेशने मला बोलावले. काशीआय टीव्हीपुढे बसलेली. टीव्ही बंद.

"काशीआय," मी म्हणालो, "पोराला असं अडवून ठेवू नये. जाऊ द्यावं."

"देते की, बुवा. एकदा तोंड दिसू दे." ती काचेवरची नजर न हलवता बोलत होती. "नवरा गेला तवा मी त्याच्यासाठी रडत व्हते. पोर डोक्यावर टॉवेल घेऊन माझ्याम्होरं फिरत व्हता. मी कवा मान वर करून बघितलं? डोळे मिटले की मना त्याचे हातच दिसतात. ज्याचं तोंड डोळ्यांम्होरं येत न्हाय, त्याला आग कशी देऊ?"

"पण इथे बसून काय होणार?"

"तो यात हाय. गजाभाऊच्या मागं बसलाय."

"अहो, टीव्हीत कुणी राहत नाही. चित्र येतं आणि जातं."

तिने प्रथमच माझ्याकडे पाहिले. "बुवा, तुम्ही दगडात देव हाय म्हणता, तवा मी काय बोलले?"

आयुष्यभर संतांच्या ओव्या घोकलेला मी उपरणे सारखे करू लागलो! हरेशने विषय बदलावा म्हणून टीव्ही लावला. थोडा वेळ बातम्या पाहिल्या आणि बंद केला. चित्र आक्रसत आक्रसत मधल्या ठिपक्याएवढे झाले आणि तो ठिपकाही गेला.

ठिण्!

"खोकं गार व्हतंय, बुवा," हरेश घाईघाईने म्हणाला. "रोजच व्हतं."

मी मान डोलावली. खोके गार होताना वाजते, हे मलाही ठाऊक आहे. आमच्याही घरी वाजते. आमच्या घरी ते पितळेसारखे वाजत नाही, एवढेच.

\*

अँटेनाची गोष्ट तर गावभर झाली होती. राईत सगळ्यांच्या अँटेना मुंबईच्या दिशेने, कारण चित्र तिकडूनच यायचे. काशीआयच्या कौलांवरची मात्र समुद्राकडे! हरेश वर चढायचा, ती फिरवायचा, तारेने आवळायचा. सकाळी पाहावे तर तिचे तोंड पुन्हा पश्चिमेला.

"वारा हाय," हरेश म्हणायचा.

शेजारचा धोंडू एकदा वर पाहून म्हणाला, "हरेश, वारा तर समुद्राकडून येतो रं. त्यानं फिरवली तर पाठ फिरवंल. तोंड कसं फिरवंल?"

हरेश पुन्हा कौलांवर चढला नाही. आणि मजा अशी, की उलट्या अँटेनावर काशीआयचे चित्र आमच्यापेक्षा स्वच्छ दिसायचे!

\*

पुढे ते चित्रही बिघडले. पडद्यावर नुसत्या पांढऱ्या रेघा. भाईंदरहून मेकॅनिक आला. आनंदी माणूस, गाणे गुणगुणत मागचे झाकण उघडू लागला. झाकण निघाले आणि गाणे थांबले.

"चाचा, जरा इधर आओ."

मी वाकून पाहिले. आत सगळ्या भागांवर मीठ जमले होते.

"इथे मिठागरं जवळ आहेत," मी म्हणालो. "खारी हवा असते."

"हवा का नमक मैं रोज देखता हूँ, चाचा. सब पे बारीक पाउडर जैसा बैठता है." त्याने आत बोट फिरवले. "ये लाइन देखो."

मिठाची एक सरळ, आडवी रेघ होती. चारी बाजूंनी सारख्याच उंचीवर. तिच्याखाली सगळे पांढरे, तिच्यावर सगळे कोरडे. भरती येऊन ओसरली की खाडीच्या खांबांवर उरते तशी.

"घर में पानी भरा था?"

पाणी भरले नव्हते. टीव्ही तर कमरेएवढ्या कपाटावर होता. मेकॅनिकने झाकण लावले, चहाही घेतला नाही. दारातून म्हणाला, "माजी, नया ले लो!"

\*

हरेशला हीच संधी वाटली. नवा टीव्ही आला, जुना घराबाहेर गेला, की आयेचे मन सुटेल. मग कार्य, मग लग्न. परंतु काशीआय जुन्याला हात लावू देईना. शेवटी ठरले, की कौल लावायचा. आमच्याकडे पद्धत अशी, की देवाच्या मूर्तीला दोन्ही अंगांना पाकळ्या चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

गुरवाने प्रश्न ऐकला आणि तो उखडला. "देवाला आता टीव्ही विचारता? उद्या चॅनेल विचाराल!"

तेव्हा गजाभाऊंना सुचले ते फक्त गजाभाऊंनाच सुचू शकते. "काशीआय म्हणते ना तो आत हाय? मग देवाला त्रास कशाला? त्यालाच विचारू!"

आणि आम्ही चांगली जाणती माणसे, स्नान करून, भर सकाळी, एका बिघडलेल्या टीव्हीपुढे कौल लावायला बसलो! टीव्ही चालू केला, रेघा आल्या, हरेशने काचेवर दोन्ही बाजूंना झेंडूची एकेक पाकळी लावली आणि हात जोडले. "वामन, नवा टीव्ही घ्यायचा का?"

पाकळ्या पडेनात. बराच वेळ गेला. भजन झाले, आरती झाली. पाकळ्या काचेला घट्ट.

"तो सोडत न्हाय," काशीआय म्हणाली.

"आये, काचेत करंट असतो," हरेश म्हणाला. "हात नेला तर हाताचे केसबी उभे राहतात. हलकं काय बी चिकटतं. बंद केला की दोन्ही पडतील बघ."

त्याने बटणाला हात घालण्याआधीच गावाची वीज गेली. रेघा मावळल्या. उजवी पाकळी अलगद सुटून खाली आली. होकार!

डावी पडली नाही. करंट नाही, काच थंडगार, तरी पाकळी तिथेच. दुसऱ्या दिवशी काकड्याच्या वेळी मी पाहिली, तेव्हाही होती. हरेशने ती नखाने काढली. ती जिथे चिकटली होती तेवढीच काच ओली होती.

काशीआय म्हणाली, "त्यानं हो सांगितलं ना? मग घ्या. पन निवडनार मी."

\*

म्हणून मग एका दुपारी आम्ही भाईंदर स्टेशनजवळच्या दुकानात गेलो. काशीआय, हरेश, मी, आणि थाप मारून पाहायला गजाभाऊ.

भिंतभर टीव्ही मांडलेले, सगळे चालू, सगळ्यांवर एकच बाई बातम्या सांगत होती. दुकानाचे शेठ स्वतः पुढे आले. "आवो माजी, बैठो! कलर देखो, रिमोट देखो!"

काशीआय बसली नाही. ती पहिल्या टीव्हीपाशी गेली, कडेला गाल लावला आणि त्या बाईच्या मागे डोकावून पाहिले. मग दुसऱ्यापाशी. मग तिसऱ्यापाशी.

"माजी, साइड से नहीं, सामने से देखो! सामने पिक्चर है!"

"सामने न्हाय तो," काशीआय म्हणाली.

शेठनी माझ्याकडे पाहिले. मी जमिनीकडे पाहिले. हरेश माझ्या कानाशी पुटपुटला, "बुवा, आज पन न्हाय जमलं तर मुलीकडचे दुसरं स्थळ बघनार हायत."

गजाभाऊ मधल्या मोठ्या टीव्हीपुढे उभे राहून खोक्यावर बोटे वाजवीत होते. थप्, थप्. तेवढ्यात वीज गेली. सगळ्या बायका एकदम नाहीशा झाल्या. पंखा मंदावत थांबला. भिंतभर नुसत्या काळ्या काचा राहिल्या आणि त्यांत दारातला उजेड.

"दो मिनट, माजी, जनरेटर चालू करते हैं," म्हणत शेठ मागे गेले.

काशीआय गजाभाऊंच्या मागे येऊन थांबली होती. अगदी हळू, कुणाला झोपेतून उठवावे तशा आवाजात ती म्हणाली, "गजाभाऊ, बाजूला व्हय."

गजाभाऊ बाजूला झाले.

मी तिच्या मागेच उभा होतो. खोटे सांगणार नाही. मला त्या काळ्या काचेत दिसलो तो मी, हरेश, आणि आमच्यामागे रस्त्यावरची रहदारी. काशीआय मात्र पुढे झाली. तिने तळहात काचेवर ठेवला, कपाळ असते तेवढ्या उंचीवर, आणि हळूहळू वरून खाली फिरवला. मग हसली. इतक्या वर्षांत मी तिला हसताना पाहिले नव्हते.

"अगं बाई," ती म्हणाली, "केस केवढे वाढलेत रं तुझे!"

जनरेटर धडधडला. भिंतभर त्या बायका पुन्हा बोलू लागल्या. काशीआयने हात काढून घेतला, डोळे टिपले, डोईवरचा पदर नीट केला आणि माझ्याकडे वळली.

"बुवा, पळसाची पानं आना. दिवस घालू."

हरेश तिच्यामागे दारापर्यंत गेला आणि म्हणाला, "आये... आन् टीव्ही? कंचा घ्यायचा?"

"कंचाबी घे रं," दुकानाच्या पायरीवर चपला घालता घालता ती म्हणाली. "माझं बघून झालं."

हरेशने घेतला एक. कोणता, ते मला आता आठवतही नाही. मायलेक रिक्षाने पुढे गेले. खोके घेऊन गजाभाऊ आणि मी टेम्पोत बसलो. गजाभाऊंनी त्या टीव्हीवर एकदाही थाप मारली नव्हती. मिठागरे आली तेव्हा मी म्हणालो, "आईचं मन, गजाभाऊ! काळ्या काचेत तिला पोराचे केस वाढलेले दिसले."

गजाभाऊंनी खोक्यावरची नजर उचलली नाही.

"खांद्यापर्यंत, बुवा," ते म्हणाले.